बर्फाखाली बुडून निघालेली एटीव्ही मला ‘कोरडी’ म्हणून विकली गेली

गोठलेल्या सरोवरावर मासेमारीला जाणाऱ्यांनी, आणि त्यातही यंदाच्या हिवाळ्याआधी जुनी एटीव्ही (खडबडीत वाटेवर चालणारी जाड टायरांची चारचाकी) घ्यायच्या विचारात असलेल्यांनी, हा अनुभव जरूर वाचावा. मला विकलेली गाडी त्याआधी बर्फ फुटून पाण्यात गेली होती. विकणाऱ्याला ते पक्कं माहीत होतं. त्याने ते लपवलं आणि लपवण्यासाठी भरपूर मेहनत घेतली. ती मेहनत मला आता नीट कळली आहे, म्हणून तपशिलात सांगतो.

जाहिरात मोहात पाडणारी होती. खिळ्यांचे टायर, विंच (तार गुंडाळून ओढणारं यंत्र), गरम होणाऱ्या मुठी, मागच्या रॅकवर गळाच्या काठ्या उभ्या करायला वेल्ड केलेल्या नळ्या, म्हणजे बर्फावर जाण्यासाठी सगळं तयार. मीटरवर इंजिन चाललेले तास अगदी कमी. ‘फक्त घरासमोरचा बर्फ ढकलायला वापरली’ असं लिहिलेलं. मी लेखी संदेशातच विचारलं, गाडी कधी पाण्यात गेली होती का? उत्तर आलं, ‘कधीच नाही, साधा ओढाही ओलांडलेला नाही.’ हे वाक्य पुढे फार कामी आलं.

बघायला गेलो तेव्हा इंजिन आधीच गरम होतं. ‘थंडीत तुम्हाला ताटकळत ठेवायचं नव्हतं, म्हणून चालू करून ठेवली,’ असं तो आपुलकीने म्हणाला. पाण्यातून निघालेल्या इंजिनाचं दुखणं पहिल्या थंड स्टार्टला बाहेर पडतं. सेल्फ ओढत नाही, इंजिन खोकतं, धूर येतो, वाल्व्हचा आवाज येतो. इंजिन तापलं की यातलं बरंच काही झाकलं जातं. बाकी सगळंही असंच होतं. इंजिन ऑइल नवं, बेल्ट नवा, बॅटरी नवी, सीटचं कव्हर नवं, प्लास्टिकवर चकाकी आणणारा स्प्रे मारलेला. यातली प्रत्येक गोष्ट त्याने ‘मी गाडी किती जपली’ म्हणून दाखवली. आज मला दिसतं की पाणी सगळ्यात आधी जिथे खूण सोडतं, तेवढेच भाग नवे होते.

फोर-व्हीलचं बटण दाबल्यावर डॅशबोर्डवर दिवा लागला. त्या दिव्यावर कुणीही विसंबू नये. बऱ्याच गाड्यांत बटणापर्यंत वीज पोहोचली, एवढंच तो दिवा सांगतो. पुढची चाकं खरंच ओढतायत की नाही, ते त्यातून कळत नाही. माझ्या गाडीत ती ओढत नव्हती, आणि कोरड्या, सपाट जमिनीवरच्या फेरीत मागच्या दोन चाकांवर गाडी व्यवस्थित पळाली.

खरं रूप सरोवरावर दिसलं. बर्फ उत्तम होता. पारदर्शक, कठीण, वाटेत ऑगरने, म्हणजे बर्फाच्या गिरमिटाने, ठिकठिकाणी भोक पाडून मोजलेला, सगळीकडे 20 सेंटिमीटरच्या (साधारण 8 इंचांच्या) वर. सोबत दुसरी एटीव्ही होती आणि दोन्ही गाड्यांमध्ये आम्ही भरपूर अंतर ठेवलं होतं. परतताना वाऱ्याने साचलेल्या बर्फाच्या पट्ट्यात मागची चाकं जागच्या जागी फिरू लागली, पुढची नुसती घरंगळत होती. थोड्या वेळाने स्टिअरिंग हलकं करणाऱ्या मोटरची वीज गेली आणि हँडल दगडासारखं जड झालं. मग इंजिन ठेचकाळत बंद पडलं. अंधार पडत आला होता, वारा वाढला होता आणि किनारा लांब होता.

अशा वेळी बंद गाडी ओढून नेणं हाही धोकाच असतो. ओढताना दोन गाड्या जवळ येतात आणि एका गाडीला पुरेशा असलेल्या बर्फावर दोघींचा भार पडतो. आमच्याकडे लांब दोर होता आणि बर्फाची जाडी मोजलेली होती, म्हणूनच आम्ही ती ओढली. जाडी बेताची असती तर गाडी तिथेच सोडून चालत निघणं हाच एक मार्ग होता.

मेकॅनिकने गाडी खोलली तेव्हा पुढच्या डिफरन्शियलमधून (चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्यातून) दुधाळ, करड्या रंगाचं तेल निघालं. तेलात पाणी घुसळलं गेलं की ते असं होतं. विकणाऱ्याने इंजिनाचं ऑइल बदललं होतं, कारण त्याची डिपस्टिक कुणीही काढून बघतो. डिफरन्शियलचा बोल्ट सहसा कुणी उघडत नाही. पुढचा ड्राइव्ह जोडणाऱ्या भागाच्या वायरीचे कनेक्टर हिरवे पडले होते. एअर बॉक्सच्या (इंजिनात जाणारी हवा गाळणाऱ्या डब्याच्या) तळाशी, फिल्टरच्या खाली, वाळलेल्या गाळाचा थर होता. चेसिसच्या पोकळ नळीतून बारीक वाळू निघाली. चाकांच्या बेअरिंगमध्ये गंज होता. आणि मीटरचा डबा मुळात या गाडीचा नव्हता, दुसरीकडून काढून बसवलेला होता. म्हणजे ते कमी तासही खोटे.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर कुणी प्रामाणिक माणूस उगाच संशयात येईल. थंडीत थोडा थोडा वेळ चालवलेल्या इंजिनात ऑइलच्या झाकणाखाली पांढरट फेस दिसू शकतो. तो आतल्या हवेतल्या ओलाव्याचा असतो आणि इंजिन नीट तापेपर्यंत चालवलं की बहुधा जातो. तेवढ्यावरून गाडी बुडाली होती असं म्हणू नये. डिपस्टिकवरचं सगळं तेल दुधाळ असणं किंवा गिअर आणि डिफरन्शियलच्या तेलात पाणी असणं ही वेगळी गोष्ट आहे.

बुडालेल्या गाडीचा आणखी एक घात असतो. पाणी दाबलं जात नाही. चालू इंजिनाने हवेऐवजी पाणी ओढलं तर पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. थोडा वाकलेला रॉड लगेच तुटतोच असं नाही, पुढे कधीतरी भर वेगात तुटू शकतो.

गाडी बुडाली होती याचा साक्षीदारही सापडला. किनाऱ्यावर एका अनोळखी मासेमाराने मागच्या रॅकवरच्या वेल्ड केलेल्या नळ्या पाहिल्या आणि विचारलं, ‘ही गाडी पुन्हा चालू झाली का?’ आदल्या हिवाळ्यात एका नाल्याच्या मुखाजवळ ती बर्फातून खाली गेली होती आणि लोकांनी विंच लावून बाहेर काढली होती. त्याच्याकडे फोटो होते. नळ्या त्याच, वेल्डिंगचे वाकडे टाकेही तेच.

मला सगळ्यात संताप येतो तो विकताना त्याने दिलेल्या सल्ल्याचा. ‘हिचे टायर रुंद आहेत, वजन पसरतं, 4 इंच बर्फ भरपूर झाला,’ असं त्याने छातीठोकपणे सांगितलं होतं. ज्याची स्वतःची गाडी बर्फ फोडून खाली गेली, तो माणूस हे बोलत होता. बर्फाचा थर भाराखाली सबंध फळीसारखा वाकतो. टायर थोडे रुंद असल्याने फारसा फरक पडत नाही, एकूण वजन आणि बर्फाची जाडी हेच महत्त्वाचं. शिवाय ताकद साधारणपणे जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. जाडी निम्मी झाली की ताकद निम्मी उरत नाही, जवळपास चौथा भाग उरते. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाच्या मार्गदर्शनात 4 इंच पारदर्शक बर्फ हा पायी चालणाऱ्या माणसासाठी सांगितलेला आहे. स्नोमोबाइल (बर्फावर घसरत चालणारी मोटरगाडी) किंवा लहान एटीव्हीला 5 ते 7 इंच आणि शेजारी-शेजारी बसायच्या मोठ्या एटीव्हीला 7 ते 8 इंच लागतात. हे आकडे नव्या, पारदर्शक बर्फाचे आहेत. बर्फवृष्टीतून तयार झालेला पांढरा, अपारदर्शक बर्फ जवळजवळ निम्म्या ताकदीचा, म्हणून त्याची जाडी दुप्पट हवी. आणि कोणताही आकडा हमी नसतो. नाल्याचं मुख, झरे, पुलाखालची जागा, सरोवराच्या दोन भागांमधली अरुंद सामुद्रधुनीसारखी पट्टी अशा ठिकाणी खाली पाणी वाहतं राहतं आणि शेजारीच जाड असलेला बर्फ तिथे एकदम पातळ होतो. म्हणून हातात पहार हवी, ऑगर हवा, आणि पुढे सरकताना पुन्हा पुन्हा मोजायला हवं.

थंड पाण्यात पडल्यावर काय होतं यासाठी कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठातले संशोधक गॉर्डन गिसब्रेख्त यांनी 1-10-1 असं सूत्र मांडलं आहे. पहिलं 1 मिनिट श्वास ताब्यात आणायला, मग हातपाय कामाचे राहतात अशी साधारण 10 मिनिटं आणि शरीर गारठून शुद्ध हरपेपर्यंत साधारण 1 तास. त्या 10 मिनिटांत बाहेर यायचं तर बर्फात रोवायच्या टोकदार मुठी गळ्यात हव्यात, बॅगेत नव्हे. अंगावर तरंगता सूट हवा. खोटं बोलून विकणाऱ्याने या सगळ्याचा विचारही केला नव्हता.

जुनी गाडी घेणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. आदल्या रात्रीपासून गाडी बंद असावी ही अट आधीच घाला आणि पोहोचल्यावर इंजिनाला हात लावून बघा. गरम असेल तर दुसऱ्या दिवशी या. दोन्ही डिफरन्शियल आणि गिअरबॉक्सचं थोडं तेल तुमच्यासमोर काढायला लावा. विकणारा नाही म्हणाला तर तेच उत्तर समजा. एअर बॉक्स उघडा, फ्यूजच्या डब्याखालचे कनेक्टर सोडवून बघा, हेडलाइटच्या काचेत पाण्याची रेघ आहे का पाहा. निसरड्या जागी फोर-व्हील लावा आणि मागची चाकं फिरू लागल्यावर पुढचीही ओढतायत का तपासा. चेसिसवरचा 17 अक्षर-अंकांचा क्रमांक कागदाशी जुळवा. बऱ्याच ठिकाणी अशा गाड्यांची रस्त्यावरच्या गाड्यांसारखी नोंद होत नाही, त्यामुळे कागद कोरा असणं म्हणजे इतिहास स्वच्छ असणं नव्हे. यातलं काही जमत नसेल तर स्वतःचा मेकॅनिक सोबत न्या. विकणाऱ्याने सुचवलेला मेकॅनिक नको.

आणि प्रश्न लेखी विचारा. मी तक्रार केली तेव्हा त्याने आधी कानांवर हात ठेवले, मग पावतीवरचं ‘आहे त्या स्थितीत’ हे वाक्य पुढे केलं. वकिलाने सांगितलं की त्या वाक्यामुळे माहीत नसलेल्या दोषांची जबाबदारी टळू शकते, पण थेट विचारलेल्या प्रश्नाला जाणूनबुजून दिलेलं खोटं उत्तर त्याने झाकलं जात नाही. माझ्याकडे त्याचा ‘कधीच नाही’ हा संदेश होता, मेकॅनिकचा सही केलेला अहवाल होता आणि त्या मासेमाराचे तारखेसकट फोटो होते. न्यायालयात जायची वेळ आली नाही. नोटीस गेल्यावर त्याने बरीचशी रक्कम परत केली. दुरुस्तीचा अंदाज काढण्याचा आणि गाडी ओढून आणण्याचा खर्च आणि वाया गेलेला हंगाम मात्र माझ्याच अंगावर पडला.

गाडी त्याने परत घेतली नाही, आणि ती त्याच्याकडे पुन्हा जावी असं मलाही वाटत नव्हतं, कारण तिथून ती रंगरंगोटी होऊन पुढच्या माणसाकडे गेली असती. टायर आणि विंच काढून ठेवले. इंजिन, वायरिंग आणि चेसिस भंगारात दिलं, चेसिसचा क्रमांक लिहिलेली भंगारवाल्याची पावती घेतली आणि गाडी मोडीत निघाल्याचं नोंदणी कार्यालयाला लेखी कळवलं.