बत्तीस बोअरची जुनी पिस्तुलं: गोव्यात घ्यायचं झालं तर कुठलं?

शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीपासून एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात. सत्तरी, सांगे, केपेकडच्या बागायतदाराची एक जागा बहुतेक बारा बोअरच्या बंदुकीने अडवलेली असते. उरली एक. त्या एका जागेवर जुनं, देखणं पिस्तूल घ्यायचं मनात असेल तर आधी बोअर, म्हणजे नळीचं माप आणि त्यात चालणारं काडतूस बघायचं, रूप नंतर.

.३८०, .४५५ आणि ९ एमएम हे बोअर आपल्याकडे प्रतिबंधित आहेत. म्हणजे वेब्ली मार्क ६ हा .४५५ चा दणकट रिव्हॉल्व्हर गेला, ९ एमएमचं लुगर गेलं, आणि ज्या कोल्टबद्दल व ब्राउनिंगबद्दल पुढे लिहिलंय त्यांची .३८० आवृत्तीही गेली. दिसायला दोन्ही आवृत्त्या जुळ्या बहिणींसारख्या, म्हणून स्लाइडवर (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) आणि नळीवर कोरलेला बोअर लायसनवरच्या नोंदीशी ताडून बघा. कोणी नंतर नळी बदललेली असू शकते. दुसरा घोळ ‘बत्तीस’, म्हणजे .३२ इंच, या शब्दाचा. बत्तीसचा रिव्हॉल्व्हर आणि बत्तीसचं पिस्तूल यांची काडतुसं वेगळी. पिस्तुलाचं काडतूस काही जुन्या रिव्हॉल्व्हरांच्या चक्रीत बसतंही, पण त्याचा दाब जास्त. बसतं म्हणून उडवू नये.

खासगी आयात ऐंशीच्या दशकात बंद झाली. तेव्हापासून तोच जुना माल एका लायसनवरून दुसऱ्यावर फिरतोय. सुटा भाग मोडला तर कुरियरने येणार नाही, हे धरूनच निवड करायची.

खरी लढत कोल्ट १९०३ आणि वॉल्थर यांच्यातच आहे.

कोल्ट हे जॉन ब्राउनिंगचं डिझाइन. १९०३ ते १९४५ इतकी वर्षं निघत राहिलं, म्हणून बऱ्या अवस्थेतलं सापडायची शक्यताही चांगली. आठ काडतुसं, वजन साधारण ६८० ग्रॅम, घोडा, म्हणजे चाप ओढल्यावर आदळणारा हातोडा, स्लाइडच्या आत झाकलेला. त्यामुळे कापडात अडकत नाही, पण घोडा चढलाय की उतरलाय ते डोळ्यांना दिसतही नाही. सुरुवातीच्या पिस्तुलांची नळी ४ इंची, पुढे पाव इंच आखडून पावणेचार झाली. चाप हलका आणि पहिल्या गोळीपासून शेवटच्यापर्यंत सारखा. शूटिंग रेंजवर कागदी निशाण्याला हे पिस्तूल वॉल्थरपेक्षा बरं वाटतं ते यामुळेच. उघडायला अवजार लागत नाही: मॅगझिन काढा, चेंबर (नळीच्या मागची काडतुसाची जागा) रिकामं असल्याची खात्री करा, स्लाइडवरची खूण फ्रेमच्या पुढच्या कडेशी येईपर्यंत मागे ओढा, नळी फिरवा, स्लाइड पुढे निघते.

त्याचं दुखणं मुठीतल्या सेफ्टीत. मागची पट्टी दाबल्याशिवाय चाप चालता कामा नये, पण आतली सपाट स्प्रिंग थकली की ती पट्टी आत गेली की बाहेर येत नाही. रिकाम्या पिस्तुलाचा घोडा चढवून मूठ न दाबता चाप ओढून बघा. घोडा पडला तर सौदा तिथेच थांबवा. मॅगझिन काढल्यावर चाप बंद करणारी सोय १९२०च्या दशकातल्या उत्तरार्धापासूनच्या पिस्तुलांत आहे, आधीच्यांत नाही. मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं, हा समज जुन्या कोल्टवर महागात पडतो.

वॉल्थर पीपी १९२९ चं, पीपीके त्याचं आखूड भावंड. पीपीची नळी ९८ मिलिमीटर आणि मॅगझिन आठचं, पीपीकेची ८३ आणि सातचं. पहिली गोळी जड चापाने, पुढच्या हलक्याने. चेंबरमध्ये काडतूस असेल तर घोड्याच्या वर बारीक पिन बाहेर येते, अंधारात अंगठ्याला कळते. मोठ्या पंजाच्या माणसाला पीपीके चावतं: स्लाइड मागे येताना अंगठ्याच्या बेचक्यात रेघ ओढून जाते. पीपी कमी चावतं, म्हणून नाव पीपीकेचं मोठं असलं तरी घ्यायचं पीपी. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी बनलेल्यांचं फिनिशिंग खडबडीत आहे. युद्धानंतर फ्रान्सच्या मानुऱ्हँने बनवलेली नीट निघतात.

वॉल्थरची सेफ्टी खाली केली की चढलेला घोडा आपोआप पडतो. हा सगळ्यात नाजूक भाग, आणि तो पेन्सिलीने तपासता येतो. पिस्तूल रिकामं असल्याचं दोनदा बघा, नळीचं तोंड वर ठेवा आणि रबराकडची बाजू खाली करून पेन्सिल नळीत सोडा. घोडा चढवून चाप ओढला की पेन्सिल उडाली पाहिजे. पुन्हा घोडा चढवा आणि या वेळी सेफ्टीने पाडा. आता पेन्सिल जागची हलता कामा नये. हलली, तर सेफ्टीचा गोल दांडा झिजलाय आणि भरलेल्या पिस्तुलावर सेफ्टी लावणं म्हणजे चाप ओढणंच.

बेल्जियमच्या एफएन कंपनीचं ब्राउनिंग १९१० सडपातळ आहे, सात काडतुसांचं, स्प्रिंग नळीभोवतीच गुंडाळलेली. उघडताना तोंडाकडची कडी सुटली की स्प्रिंग खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाते. एवढं सांभाळलं तर तक्रारीला फार जागा नाही. वेब्ली अँड स्कॉटचं बत्तीस जुन्या घरांतून अजून निघतं. चौकोनी, ओबडधोबड, पण मजबूत. त्याची मुख्य स्प्रिंग उजव्या मुठीच्या पट्टीखाली व्ही आकारात दुमडलेली असते. ती मोडली तर पिस्तूल कपाटात बसतं, म्हणून वेब्ली बघायला जाताना ती पट्टी उघडायला लावाच.

गोव्यात सॅव्हेज १९०७ ला वेगळा भाव येतो, कारण पहिल्या महायुद्धात पोर्तुगीज सैन्याने ते घेतलं होतं. ‘हे पोर्तुगीज काळातलं’ अशी प्रस्तावना विक्रेता करणारच. लायसनच्या जुन्या नोंदींत तसं दिसत नसेल तर त्या वाक्याचे पैसे द्यायचे नाहीत. पिस्तूल मात्र मजेदार आहे. त्या काळात दोन रांगांचं दहा काडतुसांचं मॅगझिन, आणि बाहेर घोड्यासारखा दिसणारा तुकडा. तो खरा घोडा नाही, काडतुसावर आदळणाऱ्या सुईला, म्हणजे फायरिंग पिनलाच जोडलेला आहे. भरलेल्या चेंबरवर तो हळूच उतरवला की पिनचं टोक काडतुसाच्या टोपीवर टेकून राहतं, आणि हातातून पडलं तर गोळी सुटू शकते. मुठीच्या पट्ट्यांना स्क्रूच नाही, त्या खाचेत वाकवून बसवलेल्या असतात. शंभर वर्षांत ते कडक रबर बिस्किटासारखं ठिसूळ झालेलं असतं. आत गंज बघायला पट्टी उचकटली की हमखास दोन तुकडे. संग्राहकासाठी सॅव्हेज, वापरणाऱ्यासाठी नाही.

७.६५ पॅराबेलमचं लुगर पोर्तुगीज सैन्याने राजा मनुएल दुसऱ्याच्या काळात घेतलं. चेंबरवर मुकुटाखाली एम आणि २ असा शिक्का असतो. ते राज्य १९१० च्या ऑक्टोबरात संपलं, म्हणून हा शिक्का दुर्मीळ. त्याच्या सुट्या भागांवर क्रमांकाचे शेवटचे आकडे असतात. एक जरी जुळला नाही तरी भाव उतरतो. काडतूस मिळणं हीच मुख्य अडचण, आणि कमजोर काडतुसाने पिस्तुलाच्या वरचा, गुडघ्यासारखा दुमडणारा सांधा पूर्ण मागे जात नाही. मॉझर सी९६ देखणं खरं. मुठीचा एक स्क्रू सोडला तर आत दुसरा स्क्रू नाही. पण बोल्ट (काडतुसामागचा सरकता दांडा) अडवणारा तुकडा झिजला की बोल्ट चेहऱ्याकडे येतो. उडवायचं असेल तर या दोघांच्या वाटेला जाऊ नये.

बत्तीसच्या काडतुसाची कड थोडी बाहेर असते. मॅगझिनमधल्या वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे अडकली की पिस्तूल अडतं. आखूड, पोकळ टोकाच्या गोळ्यांनी हे जास्त होतं, कारण मॅगझिनमध्ये त्यांना मागेपुढे सरकायला जागा मिळते. पूर्ण लांबीची, गोल टोकाची, धातूने मढवलेली गोळी वापरा.

गोव्यात गंज आधी बघायचा तो मुठीच्या पट्ट्यांखाली, मॅगझिनच्या पोकळीत आणि एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे काडतूस बाहेर ओढणाऱ्या आकड्याच्या, खाचेत. बाहेरून चकचकीत पण अक्षरांच्या कडा बोथट दिसल्या तर ते पुन्हा काळं केलेलं आहे. खोबरेल तेल लावू नका, काही महिन्यांत चिकट होतं. शिवणयंत्राचं तेल अडीअडचणीला चालतं, पण पातळ असल्याने ओघळून जातं.

व्यक्तीकडून घेत असाल तर विकणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवल्यावर ४५ दिवस जावे लागतात. त्याआधी पिस्तूल ‘बघायला म्हणून’ घरी आणायचं नाही. निवडणुकीत हत्यार जमा करायची वेळ आली की नळीतून आणि मुठीखाली जाड तेलाचा हात फिरवा, बाहेरून पातळ मेण लावा, आणि पावती घेताना नंबर स्वतः वाचून बघा. चामड्याच्या म्यानात घालून देऊ नका. चामडं कमावताना वापरलेली रसायनं आणि पावसाळी दमट हवा मिळून दोन महिन्यांत स्लाइडवर म्यानाच्या शिवणीची रेघ उमटवतात.