लिब्रेऑफिस रायटरच्या स्टाइल्स: फुकट आणि कामाच्या

आमच्या वाचनालयाची स्मरणिका मी लिब्रेऑफिस रायटर या फुकट लेखन-सॉफ्टवेअरमध्ये लावते. लेखकांकडून येणाऱ्या फायली म्हणजे नुसती रंगपंचमी: एक परिच्छेद मंगल फॉन्टमध्ये, दुसरा कोकिळात, मथळा हातानेच ठळक नि मोठा केलेला. वेबवाल्यांनी जागोजागी हाताने फॉन्ट ठरवणाऱ्या ‘फॉन्ट’ टॅगला (खुणेला) वेबपानांच्या भाषेत, १९९७ च्या एचटीएमएल ४ मध्येच कालबाह्य ठरवलं. आमचे लेखक अजून तिथेच!

रायटरमध्ये सगळं निवडून कंट्रोल-एम दाबलं की हातची सजावट साफ. मात्र मुद्दाम तिरपे केलेले शब्दही सरळ होतात, म्हणून कवितांच्या पानांवर मी ते वापरत नाही. मग एफ११ ने स्टाइल्सची, म्हणजे नाव दिलेल्या तयार सजावटींची, पट्टी उघडायची आणि मथळ्यांना ‘हेडिंग १’ द्यायचं. संपादक ऐन वेळी ‘मुक्ता फॉन्ट घेऊ या’ म्हणाले तरी त्या स्टाइलमध्ये एकाच जागी बदल पुरतो.

खरी मेख मराठीवाल्यांसाठी. देवनागरीचा फॉन्ट ‘कॉम्प्लेक्स’ म्हणजे सीटीएलच्या (कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट, गुंतागुंतीच्या लिपींसाठीच्या) खान्यातून ठरतो. इंग्रजीच्या खान्यात कितीही फॉन्ट बदला, मराठी मजकूर ढिम्म हलत नाही. नवख्याला हे कोण सांगणार?

७.६ आवृत्तीपासून आलेला स्पॉटलाइट मला फार आवडला. कुठल्या परिच्छेदाला कोणती स्टाइल आहे, ते रंगांवरून लगेच कळतं.