लोहाच्या गोळ्या, अश्वगंधा आणि कळण्याची भाकरी: कामेच्छेसाठी घेतलेल्या गोष्टींचा वर्षभराचा अनुभव

वय एकेचाळीस, राहणं अमळनेरजवळ, नोकरी शाळेत. दोन मुलं, सासू-सासरे, एकत्र घर. गेल्या उन्हाळ्याच्या आधीपासून नवऱ्याजवळ जावंसं वाटणं जवळजवळ थांबलं होतं. भांडण नाही, रुसवा नाही, माणूस मनाने चांगला. फक्त शरीराला कशाची ओढच उरली नव्हती. दोघांनी मोकळेपणाने बोलून यावर काहीतरी करायचं ठरवलं. त्यानंतर काय काय घेतलं आणि त्यातलं काय लागू पडलं, ते सविस्तर लिहिते, कारण बाईच्या इच्छेबद्दल मराठीत वाचायला फारच कमी मिळतं. एसटी स्टँडच्या भिंतीपासून मोबाइलपर्यंत सगळीकडे पुरुषांची ‘ताकद’. लैंगिक सुख वाढवण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या औषधे व जादुई उपचार कायद्याने बंदी आहे, तरी भिंती रंगतातच.

जळगावच्या ज्या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरताईंकडे गेले, त्यांनी आधी प्रश्नच खूप विचारले. झोप किती, पाळीला रक्तस्राव किती, गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का, डिप्रेशनची किंवा बीपीची औषधं आहेत का. या औषधांपैकी काहींनी इच्छा मंदावते, हे मला तेव्हा कळलं. आणखी एक प्रश्न फार मोलाचा होता: इच्छाच होत नाही, की दुखतं म्हणून नको वाटतं? दुखणं आणि कोरडेपणा यांचा इलाज वेगळा असतो, त्यावर पोटात काही घेऊन भागत नाही. माझं पहिल्या प्रकारातलं होतं. मग हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड, प्रोलॅक्टिन (अंगावरच्या दुधाशी संबंधित संप्रेरक), बी १२, डी जीवनसत्त्व आणि साखर, एवढं तपासलं.

थायरॉइड, प्रोलॅक्टिन, साखर ठीक. डी थोडं कमी. बी १२ कमी, शाकाहारी घरात हे नवल नाही. हिमोग्लोबिन १०.४ आणि फेरिटिन ७. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. तो १५ च्या खाली गेला की जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने लोहाची कमतरता धरतात, आणि बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे रक्तक्षय. आपल्याकडे मात्र दहाच्या वर आकडा दिसला की ‘चांगलं आहे की’ म्हणून कागद कपाटात जातो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय बायकांमध्ये रक्तक्षय आढळला होता. म्हणजे संध्याकाळी अंग मोडून येणं, जिना चढताना धाप लागणं आणि रात्री नवऱ्याचा हातही नकोसा वाटणं, या तिन्हीचं मूळ कितीतरी घरांत एकच असू शकतं. ‘बाईचं वय झालं’ म्हणून आपण ते सोडून देतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता एकेका गोष्टीबद्दल.

सगळ्यात मोठा फरक फेरस अ‍ॅस्कॉर्बेटच्या साध्या गोळीने पडला, जिच्या पाकिटावर इच्छेचं नावही नाही. सुरुवात त्रासदायक होती. शौचास काळी होते, त्याला घाबरायचं कारण नाही, पण बद्धकोष्ठ चांगलाच झाला. डॉक्टरताईंनी गोळी एक दिवसाआड करायला सांगितली. रोज घेतल्याने शरीर लोह शोषणं कमी करतं, दिवसाआड घेतल्यास प्रत्येक गोळीतलं लोह जास्त लागू पडतं, असं त्यांनी समजावलं. त्यानंतर पोटाचा त्रासही बराच कमी झाला. उपाशीपोटी, लिंबूपाण्याबरोबर आणि चहापासून दूर. हे शेवटचं आमच्या घरात सर्वांत अवघड! सकाळी उठल्या उठल्या चहा हा इकडचा धर्मच आहे. चहातलं टॅनिन लोह शोषू देत नाही, म्हणून गोळीच्या दिवशी माझा चहा शाळेच्या मधल्या सुटीत गेला.

इच्छेवरचा परिणाम लगेच दिसत नाही. आधी धाप कमी झाली, मग केस गळणं, मग संध्याकाळी डोकं जड होणं. श्रावणाच्या आसपास एका रात्री मी स्वतःहून यांच्या जवळ सरकले, आणि ते ठरवून केलेलं नव्हतं. पुढच्या तपासणीत फेरिटिन ३८ आलं. बी १२ आणि डी चालूच होतं, त्यामुळे सगळं श्रेय लोहाला देता येणार नाही, पण मोठा वाटा त्याचाच, असं माझं मत.

अश्वगंधा मी मुद्दाम पावसाळा सरल्यावर सुरू केली. दोन्ही एकदम घेतलं असतं तर कशाने काय झालं ते कळलंच नसतं. मुळाचा अर्क असलेली कॅप्सूल, ३०० मिलिग्रॅम, दोन वेळा, जेवणानंतर. हाच डोस ५० बायकांवर आठ आठवडे करून पाहिलेला २०१५ चा भारतीय अभ्यास आहे आणि त्यात इच्छा व समाधान दोन्ही सुधारल्याचं दिसलं. पण पन्नास जणी म्हणजे लहान अभ्यास, त्यावरून सगळ्यांना खात्री देता येत नाही. मला काय झालं? झोप सुधारली, स्पष्टपणे. परीक्षेचे पेपर, सासूबाईंचं गुडघ्याचं दुखणं, मुलाची दहावी, हे सगळं डोक्यात घेऊन अंथरुणावर पडलं तरी डोळा लागायला लागला. इच्छा थेट वाढली असं मी म्हणणार नाही. शांत झोपलेल्या बाईला दुसऱ्या दिवशी नवरा जास्त आवडतो, एवढं मात्र खरं.

विकत घेताना ‘मुळाचा अर्क’ असं लिहिलेलं आहे का, विथॅनोलाइड (अश्वगंधेतला मुख्य गुणकारी घटक) किती टक्के आणि परवाना क्रमांक आहे का, हे बघा. पानांचा वापर करू नये अशी सूचना आयुष मंत्रालयानेही उत्पादकांना केलेली आहे. नुसतं ‘अश्वगंधा चूर्ण’ स्वस्त पडतं, पण चूर्ण आणि अर्क यांचा डोस सारखा नसतो. गर्भारपणात अजिबात नको. थायरॉइडची गोळी, झोपेची गोळी किंवा यकृताचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. अश्वगंधेनंतर यकृताला इजा झाल्याची काही प्रकरणं नोंदली गेली आहेत आणि डेन्मार्कने तर २०२३ मध्ये तिच्यावर बंदीच घातली. म्हणून मी तीन-चार महिने घेऊन थांबवली. थांबवल्यावर झोप थोडी बिघडली, इच्छा मात्र गेली नाही.

शतावरी कल्प चवीला छान, दुधात टाकून मुलंही मागतात. त्यात साखर भरपूर असते. माहेरी मधुमेह असल्याने मी एका डब्यावरच थांबले. माझ्यावर काही परिणाम जाणवला नाही. मेथीच्या अर्काच्या कॅप्सूलही मिळतात, मी हिवाळ्यात मेथीचे लाडू खाल्ले, घामाला मेथीचा वास आला, बाकी सांगण्यासारखं नाही.

जस्ताची वेगळी गोळी घेतली नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२० च्या शिफारशीनुसार बाईला दिवसाला १३ मिलिग्रॅमच्या आसपास जस्त लागतं, पुरुषाला १७. मूठभर भोपळ्याच्या बियांत त्यातले दोनेक मिलिग्रॅम मिळतात. उरलेलं डाळी, तीळ, शेंगदाणे, दूध यांतून जमवायचं. धान्य-डाळीतलं जस्त आणि लोह फायटेट नावाच्या त्यातल्याच एका घटकामुळे अडकून राहतं. भिजवलं, मोड आणले, आंबवलं की ते सुटतं. म्हणून मटकी-मूग मोड आणूनच करते.

जेवणाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण हे इथलं आहे आणि हाताशी आहे. आपली कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेलं पीठ, ही धान्य आणि डाळीची फार छान जोड आहे. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी वाजीकरण, म्हणजे कामशक्तीचा विचार करणारं अंग, हे एक, आणि त्यात माष म्हणजे उडीद वृष्य, म्हणजे कामशक्ती वाढवणारा, मानलेला आहे. आजचा आहारशास्त्राचा हिशोब वेगळा आहे, तरी उडदात शंभर ग्रॅमला तेवीस-चोवीस ग्रॅम प्रथिनं आहेत हे दोन्हीकडे उपयोगाचं. आमच्या घरी कळण्याची भाकरी पाहुणे आल्यावरच व्हायची. आता आठवड्यातून दोन-तीनदा होते. सोबत वांग्याचं भरीत, कांदा, आणि वरून लिंबू पिळायचं विसरायचं नाही, कारण क जीवनसत्त्वाने लोह जास्त शोषलं जातं. हिवाळ्यात बाजरी. शेवभाजी महिन्यातून कधीतरी, तर्री कमी करून. रावेर-यावलकडची नातेवाईक मंडळी केळीला या कामासाठी फार मान देतात. केळी चांगलीच, पण तिच्याने इच्छा वाढते असा भरवशाचा आधार मला मिळाला नाही.

धुळ्याची नणंद माझ्यापेक्षा मोठी. तिला सगळं सांगितलं तेव्हा म्हणाली, “बाई वो, इतली काळजी कसाले करस? उन्हायामा कोनलेच काही सुचत नही.” तिचं अर्धं बरोबर होतं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर, लाइट गेलेली, आणि सगळं घर गच्चीवर झोपलेलं. अशात झोप आणि एकांत दोन्ही नाही. आम्ही मुलांना सुटीत मामाकडे पाठवलं आणि कूलरचं पाणी संध्याकाळीच भरून ठेवायला लागलो. कोणत्याही कॅप्सूलपेक्षा हे लवकर लागू पडलं, हे अगदी मनापासून सांगते.

यांच्याबद्दलही लिहायला त्यांनी परवानगी दिली आहे. यांना बीपीची गोळी आहे. बाजारातून कुणीतरी ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ शक्तीची कॅप्सूल आणून दिली होती, पाकिटावर ना परवाना क्रमांक, ना घटकांचं प्रमाण. आम्ही ती घेतली नाही. असल्या ‘हर्बल’ कॅप्सूलमध्ये सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध, लपवून घातल्याचं अमेरिकेच्या औषध प्रशासनाने वारंवार पकडलं आहे. छातीत दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी घेणाऱ्याने सिल्डेनाफिल घेतलं तर बीपी एकदम कोसळतं आणि जीवावर बेतू शकतं. शिवाय पुरुषाला ताठरतेचा त्रास सुरू झाला असेल तर तो पुढच्या हृदयविकाराची पहिली खूणही असू शकतो, कारण तिथल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक असतात आणि आधी चोंदतात. त्यामुळे नवऱ्याला गोळी आणून देण्याआधी त्याचं बीपी, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्या. पुरुषाचं टेस्टोस्टेरॉन तपासायचं असेल तर सकाळी लवकर, उपाशीपोटी. दुपारी ते कमी दिसतं. यांचं ठीक आलं. त्यांनी तंबाखू सोडली आहे आणि रोज पहाटे बोरी नदीच्या बाजूला चालायला जातात.

सध्या माझं लोह फक्त पाळीच्या आठवड्यात चालू आहे, तेही डॉक्टरताईंच्या सांगण्यावरून. बी १२ आठवड्यातून एकदा. अश्वगंधा बंद, परीक्षांच्या दिवसांत झोप फारच उडाली तर त्यांना विचारून पुन्हा घेईन. फेरिटिन पुन्हा उन्हाळ्याच्या सुटीत बघायचं आहे, तेव्हा आकडा इथेच खाली लिहीन. कुणी शतावरीचं साधं चूर्ण, साखर नसलेलं, तीन-चार महिने घेतलं असेल तर अनुभव सांगा, आणि सोबत तुमचं हिमोग्लोबिन तेव्हा किती होतं तेही लिहा.