सिंगल हॉर्न की डबल हॉर्न?
सोलापुरात बँडवाल्यांकडे ट्रम्पेट, युफोनियम सहज दिसतं, फ्रेंच हॉर्न, म्हणजे गोल वळवलेल्या नळीचं फुंकून वाजवायचं पितळी वाद्य, क्वचितच. त्यामुळे पहिलं वाद्य नीट पारखूनच घ्यावं.

'एफ' सुरातल्या सिंगल हॉर्नची नळी सुमारे ३.७ मीटर. वजनाला हलका, किमतीला परवडणारा, शाळकरी मुलाला पेलणारा. पण वरच्या पट्टीत त्याचे नैसर्गिक सूर एकमेकांना इतके खेटून येतात, की ओठांचा ताण जरा हलला तरी शेजारचाच सूर वाजतो. नवशिक्याचा धीर सुटतो तो इथेच.

डबल हॉर्नला डाव्या अंगठ्याखाली जादा कळ असते. सहसा ती दाबली की हवा 'बी फ्लॅट'च्या सुमारे २.७५ मीटर नळीतून जाते आणि वरचे सूर जास्त भरवशाने लागतात. बदल्यात वजन वाढतं, किंमतही.

उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला की दोन्ही चढे वाजतात. ट्यूनिंग स्लाइड, म्हणजे सूर जुळवायची सरकती नळी, बाहेर ओढावी लागते. डबलमध्ये 'एफ' आणि 'बी फ्लॅट' या दोन्ही बाजू वेगळ्या जुळवाव्या लागतात.

माझं मत स्पष्ट आहे: लहान मुलाला सिंगल द्या. मोठ्यांनी, खिसा परवानगी देत असेल तर, थेट डबल घ्यावा. जुना घेताना प्रत्येक कळ दाबून रोटर (कळ दाबल्यावर फिरणारी झडप) अडकत नाही ना, हे आधी पाहा.