गाडीत झोपण्यासाठी डिझेल हीटर : वस्तू चांगली, पण सोबतची पाइप-क्लॅम्प आधी बदला

आमची ट्रॅव्हलर व्हॅन कॅम्पर (आत राहता-झोपता येईल अशी गाडी) करून घेतली तेव्हापासून थंडीत हिमाचलातल्या स्पितीला जायचं डोक्यात होतं आणि तिकडे रात्री गाडीत झोपायचं तर हीटर पाहिजेच. फोंड्यात डिसेंबरातसुद्धा पातळ चादर पुरते, त्यामुळे आपल्याकडे विचारायला कोणी नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. घेतलाय तो बिनब्रँडचा चायनीज डिझेल एअर हीटर, दोन किलोवॉटचा, ऑनलाइन मागवलेला. वेबास्टो, एबरस्पेशर या महागड्या जर्मन कंपन्यांच्या मानाने किंमत कितीतरी कमी. ऑक्टोबरअखेरीस किन्नौरमार्गे स्पितीतल्या काझापर्यंत नेला, रोज रात्रभर चालू, बायको आणि मुलगी सोबत.

ऊब एकदम मस्त. बाहेर पायरीवर राहिलेली बाटली सकाळी दगड झालेली आणि आत आम्ही स्वेटर काढून झोपलेलो. लो वर तासाला शंभर-सव्वाशे मिली डिझेल खातो, म्हणजे रात्रीचं जेमतेम लिटरभर. पाच किलोवॉटचा घ्या असं दुकानवाले सांगतात, नका घेऊ, एवढ्याशा गाडीत तो कायम लो वरच चालतो आणि आत काजळी धरतो. आमचासुद्धा मी झोपायच्या आधी वीसेक मिनिटं फुल करतो, आतली काजळी जळून जाते.

आता मुख्य मुद्दा, झोपेत चालू ठेवायचा का? हो, कारण यातली आग बंद चेंबरमध्ये असते, जळायला लागणारी हवा गाडीखालून येते, धूर गाडीखालीच जातो, आणि आपल्या केबिनची हवा चेंबरला नुसती बाहेरून घासून गरम होऊन परत येते. दोन्ही हवा एकमेकींना भेटतच नाहीत. गॅसची शेगडी किंवा कोळशाची सिगडी आत पेटवली की हेच उलटं होतं, ती आपल्याच खोलीतला ऑक्सिजन खाते आणि कार्बन मोनॉक्साइड आपल्याच खोलीत सोडते. दर हिवाळ्यात उत्तरेकडून बातम्या येतात, दारं लावून सिगडी पेटवून झोपलेलं घर सकाळी उठलंच नाही. निखाऱ्याला धूर दिसत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात, पण या वायूला ना रंग ना वास, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट जास्त घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, झोपेत तेही कळत नाही. इंजिन चालू ठेवून एसीच्या हीटरवर झोपणंही तसंच, मागच्या सायलेन्सरसमोर बर्फ साठला की धूर गाडीखालीच कोंडतो आणि फटींतून आत येतो.

म्हणून हीटरची सगळी सेफ्टी त्या एका एक्झॉस्ट पाइपच्या जॉइंटवर उभी आहे, आणि नेमकं तिथेच या बॉक्समध्ये वाईट माल दिलाय. क्लॅम्प पत्र्याची, घट्ट करताना वळली. छोटा सायलेन्सर दिलाय त्याच्या शिवणीतून फुंकर मारली तर हवा निसटते, शिवाय पाणी निघायला एक भोक. आमच्या मेकॅनिकने तो हातात घेऊन फिरवून बघितला आणि म्हणाला, "हें भितर नाका," म्हणजे हे आत नको. बरोबरच होतं. सगळं जोडकाम त्याने फ्लोअरच्या खाली घेतलं, स्टीलच्या जाड क्लॅम्प लावल्या, फटी बुजवणारी एक्झॉस्ट पेस्ट भरली, पाइपचं तोंड खिडकी-दारापासून लांब बाजूला काढलं आणि हवा ओढायचा पाइप त्याच्या उलट दिशेला. फ्लोअरला पाडलेलं भोक गॅस्केट लावून सील केलं. हिरवी मऊ फ्युएल ट्यूब टाकून दिली, नायलॉनची घातली. दिवसभराचं काम झालं आणि मजुरी हीटरच्या निम्म्याहून जास्त, तरी मला ते पैसे हीटरपेक्षा महत्त्वाचे वाटतात.

आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. स्मोक अलार्म नव्हे, ती वेगळी वस्तू. घेताना ईएन 50291-2 (युरोपियन मानक) लिहिलंय का बघा, शेवटचा 2 म्हणजे कॅम्पर आणि बोटींसाठीची टेस्ट. हवेत हा वायू 300 पीपीएम (दहा लाख भागांत तीनशे) झाला की तीन मिनिटांच्या आत बोंबलतो, 50 पीपीएमला तासाभराने. उशीच्या उंचीवर लावलाय. सेन्सर कायमचा नसतो, मागे एक्सपायरी छापलेली असते तीही बघा. हा नसेल तर हीटर लावून झोपू नका, कितीही महागडा असो.

काझाला एक अडचण आली. साडेतीन हजार मीटरच्या वर हवा विरळ, पण पंप डिझेल तेवढंच टाकतो, मग नीट जळत नाही आणि काळा धूर येतो. कंट्रोलरमध्ये पंपाचा हर्ट्झ (सेकंदाला किती ठोके) हाताने कमी केला तेव्हा बरं झालं. महागड्या कंपन्यांच्या काही मॉडेलमध्ये हे आपोआप होतं, इथे मात्र पैशाचा फरक खरंच जाणवतो. हाडं गोठवणाऱ्या थंडीत साधं डिझेलही घट्ट होतं, लडाखसाठी इंडियन ऑइलने 2019 मध्ये विंटर डिझेल आणलं ते त्यासाठीच, उणे 33 पर्यंत पातळ राहतं.

बॅटरीचं म्हणाल तर चालू होताना आठ-दहा अँपिअर ओढतो, मग एखाद्यावर येतो. वायर बारीक असेल तर व्होल्टेज पडून एरर देतो. बंद करताना बटणानेच करा, मेन स्विच पाडायचा नाही, पंखा काही मिनिटं फिरून चेंबर थंड करतो. छताचा व्हेंट बोटभर उघडा ठेवा, श्वासाची वाफ काचांवर साचत नाही. गरम हवा येते त्या तोंडासमोर रजई येऊ देऊ नका.

परत आल्यावर महिन्यातून एकदा दारं उघडी टाकून पंधरा मिनिटं फुल चालवतो, नाहीतर पंपात जुनं डिझेल चिकटून बसतं. आपल्याकडची दमट खारी हवा क्लॅम्पना लगेच गंज धरवते, त्यामुळे पावसाळा संपला की गाडी रॅम्पवर घेऊन खालचा प्रत्येक जॉइंट उघडून बघायचा, पेस्ट नवीन भरायची आणि मगच उत्तरेकडे निघायचं.