गुलछडीच्या वाफ्यात शेणखत की बायोचार?

आमची जमीन पुरंदरची, मुरमाड. पाणी दिलं की दुसऱ्या दिवशी वाफा कोरडा. गुलछडी एकदा लावली की दोन-तीन वर्षं जागेवरच राहते, त्यामुळे लागणीआधी मातीत काय घालायचं ते नीट ठरवावं लागतं. शेणखत आणि बायोचार, म्हणजे फांद्या अर्धवट जाळून केलेला कोळसा, असं दोन्ही मी करून पाहिलंय.

पिकाचं अन्न शेणखतात असतं, बायोचारमध्ये ते फारसं नसतं. घरची जनावरं असतील आणि खत खड्ड्यात चांगलं कुजलं असेल, तर मी शेणखतच घाला म्हणेन. पण हल्ली बहुतेकांना ट्रॉली विकत घ्यावी लागते आणि माल अर्धाकच्चा निघतो. माझं मन उडालं ते तणामुळे. तसं खत घातलं त्या वर्षी पहिल्या पावसानंतर वाफ्यात लव्हाळा आणि गाजरगवत असं माजलं की गुलछडीचे कोंब दिसेनात. कोवळेपणी गुलछडीचं आणि लव्हाळ्याचं पातं सारखंच दिसतं. खुरपणाऱ्या बायका प्रत्येक बूड चिमटीत धरून बघायच्या, मगच खुरपं लावायच्या. तरी बरेच कोंब तुटले, आणि खुरपणीचा रोज फुलांच्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या पैशातून, वळता झाला तो वेगळाच.

बायोचार आगीतून निघालेला, त्यात तणाचं बी जिवंत राहत नाही. आमच्याकडे सीताफळ-अंजिराच्या छाटणीच्या फांद्या बांधावर पडूनच असतात. नरसाळ्यासारखा खड्डा घ्यायचा, जाळ वरून लावायचा, निखाऱ्यावर राखेची पांढरी झाक आली की पुढचा थर टाकायचा. शेवटी निखारे लाल असतानाच भरपूर पाणी ओतायचं, नाहीतर सकाळी नुसती राख हाती लागते. 100 किलो वाळल्या फांद्यांचा 20-25 किलो कोळसा होतो. काम घामाचं आहे.

पहिल्यांदा मी तो कोराच मातीत मिसळला आणि पीक पिवळं पडलं. कोरा कोळसा नत्र धरून ठेवतो. आता गोमूत्र आणि गोबरगॅसच्या गाळलेल्या स्लरीत पंधरा-वीस दिवस मुरवूनच गुंठ्याला साधारण 50 किलो घालतो. खताचे हप्ते चालू ठेवावे लागतातच. चुनखडीच्या जमिनीत मात्र जपून, कारण बायोचार मातीचा सामू (pH) वाढवतो. तिथे आधी दोन सऱ्यांत घालून पाहा.

शेणखत आपल्या उन्हात लवकर जिरतं, दरवर्षी नव्याने आणावं लागतं. बायोचार वर्षानुवर्षं मातीत टिकतो. मोजमाप मी केलेलं नाही, पण त्या वाफ्यात पाण्याच्या तिसऱ्या दिवशीही बोट खुपसलं की माती गार लागते.