खासदारांची कुंडली दाखवणारं ॲप, आठ महिन्यांनंतर (शिरपूरहून)

आठ महिने झाले वापरतोय, आता लिहायला हरकत नाही. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर डोळे झाकून पाच स्टार दिले असते, दुसऱ्या महिन्यात एक. ॲपचं नाव मुद्दाम देत नाहीये, कोणाच्या धंद्यावर उठायचं नाही मला. लोकसभेच्या सगळ्या म्हणजे ५४३ खासदारांची माहिती एका जागी, शिक्षण, शपथपत्र, हजेरी, प्रश्न, निधी, मतदारसंघाचा नकाशा, आणि वर प्रत्येकाला शंभरपैकी मार्क. वर्षाचे ५९९ रुपये. आम्ही चौघांनी वाटून घेतले.

शिरपूरला आमची छोटी अभ्यासिका आहे, खाली झेरॉक्स-स्टेशनरी अन् वर चाळीस खुर्च्या. पोरं-पोरी एमपीएससी, तलाठी, पोलीस भरती असं सगळं करतात. राज्यशास्त्राचं पुस्तक पाठ असतं, राज्यसभेच्या उपसभापतीचे अधिकार घडाघडा सांगतील, पण आपला खासदार कोण विचारलं की एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. म्हणून ठरवलं की दर शुक्रवारी संध्याकाळी एक खासदार, एक मतदारसंघ फळ्यावर घ्यायचा. त्यासाठी हे ॲप घेतलं.

पहिल्याच दिवशी गंमत झाली. ॲप पिनकोड विचारतं, मी आमचा ४२५४०५ टाकला, तर धुळ्याच्या खासदार डॉ. शोभा बच्छाव यांचं पान उघडलं. मी पण दुकानाच्या गडबडीत होतो, तसंच फळ्यावर उतरवलं. खाली झेरॉक्सला आमचे आप्पा बसलेले असतात, आप्पा म्हणजे माझे चुलते, सत्तरी पार, आयुष्यात एक मतदान चुकवलेलं नाही. ते वर चहा द्यायला आले, फळा वाचला अन् म्हणाले, "मंग आपन धुयाना का नंदुरबारना?" पोरं हसायला लागली आणि मी गार. आप्पांचं बरोबर होतं ना! शिरपूर जिल्हा धुळे, पण लोकसभेला नंदुरबार. साक्रीचंही तेच. आणि धुळे लोकसभेत मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य आणि बागलाण हे तीन नाशिक जिल्ह्यातले विधानसभा मतदारसंघ, उरलेले धुळे शहर, धुळे ग्रामीण, शिंदखेडा. रावेरमधे पण असंच, पाच विधानसभा जळगाव जिल्ह्यातल्या आणि मलकापूर बुलढाण्याचं. म्हणजे ज्याने ॲप बनवलं त्याने पिनकोड जोडला जिल्ह्याला, आणि जिल्ह्याच्या नावाचा मतदारसंघ दिला ठोकून. मुंबई-पुण्यात बसून हे कळायचं नाही, पण खानदेशात चारपैकी तीन मतदारसंघांत हा घोळ होतो.

मतदार यादीचं पहिलं पान असतं ना, त्यावर विधानसभा आणि लोकसभा दोन्ही मतदारसंघांचं नाव लिहिलेलं असतं, त्याचा फोटो काढून कंपनीला मेल केला. एकोणीस दिवसांनी उत्तर आलं, "आपल्या सूचनेबद्दल आभार". शिरपूर दुरुस्त झालं, साक्री अजून धुळ्यातच आहे. परत मेल केला, परत आभार.

हीच गडबड मतदारसंघाच्या माहितीतही आहे. जनगणनेचे आकडे जिल्हा-तालुक्याचे असतात, लोकसभा मतदारसंघाचे आयते मिळत नाहीत, बेरीज-वजाबाकी करून काढावे लागतात. यांनी नंदुरबार जिल्ह्याचा २०११चा आकडा, आदिवासी लोकसंख्या ६९ टक्के, उचलून मतदारसंघाला चिकटवला. अरे पण मतदारसंघात धुळे जिल्ह्याच्या दोन विधानसभा आहेत, त्यांचं काय? एक गोष्ट मात्र या पानामुळे पोरांच्या लक्षात राहिली, नंदुरबारच्या सहाच्या सहा विधानसभा अनुसूचित जमातीसाठी राखीव आहेत, अक्कलकुवा, शहादा, नंदुरबार, नवापूर, साक्री, शिरपूर. आणि महाराष्ट्राच्या यादीत लोकसभेचा एक नंबर नंदुरबार अन् विधानसभेचा एक नंबर अक्कलकुवा, म्हणजे राज्याची यादी आमच्या सातपुड्यापासून सुरू होते. विकासाच्या यादीत कधी सुरू होईल ते सोडा.

मराठी भाषांतराबद्दल काय बोलावं. 'घरातील उपस्थिती ७८ टक्के' वाचून एक पोरगा म्हणाला, सर, हे खासदार घरीच जास्त असतात वाटतं. सभागृहाचं घर केलंय. विद्यमान खासदाराला 'बसलेले खासदार', शून्य प्रहराला 'शून्य तास', आणि अतारांकित प्रश्नाला 'तारे नसलेला प्रश्न'. तिसऱ्या महिन्यापासून मी इंग्रजीवरच ठेवलंय, पण आप्पांसारख्या माणसाला मग त्याचा काय उपयोग.

आता मार्कांचं. यावर सगळ्यात जास्त वाद झाला अभ्यासिकेत. रावेरच्या रक्षा खडसे यांना या ॲपमधे एकदम तळाला टाकलंय. प्रश्न शून्य, हजेरीची जागा रिकामी, खासगी विधेयक शून्य. पोरांनी लगेच टिंगल चालू केली. मला पण दोन दिवस काही सुचलं नाही, मग ट्यूब पेटली की त्या जून २०२४ पासून केंद्रात राज्यमंत्री आहेत. मंत्री हजेरीपटावर सही करत नाहीत, मंत्री प्रश्न विचारत नाहीत तर प्रश्नांना उत्तरं देतात, आणि खासगी विधेयक मांडायचा तर प्रश्नच येत नाही कारण ते बिगर-मंत्री सदस्याचं काम. म्हणजे बॅटिंगचा रेकॉर्ड बघून अंपायरला मार्क दिल्यासारखं झालं. धुळ्याचे डॉ. सुभाष भामरे २०१६ ते २०१९ संरक्षण राज्यमंत्री होते, त्यांच्या जुन्या पानावर पण मधली वर्षं तशीच कोरी. बाजूला एक ओळ टाकायला काय जातं, की या काळात मंत्री. कोणाच्या बाजूने किंवा विरोधात बोलत नाहीये मी, उद्या दुसऱ्या पक्षाचा मंत्री असला तरी हेच लिहीन.

हजेरीचं तसंही फार मनावर घेऊ नये असं माझं मत. सही केली म्हणजे दिवसभर बसला असं नाही.

प्रश्नांची संख्या ही त्याहून फसवी. लोकसभेत एका दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न लागतात. तारांकितला मंत्री तोंडी उत्तर देतो, वर पुरवणी प्रश्न विचारता येतात, अतारांकितला फक्त लेखी. अकरा ते बारा एका तासात वीस तारांकित कधीच होत नाहीत, चार-पाच झाले तरी पुष्कळ, बाकीच्यांची उत्तरं नुसती लेखी, सभागृहाच्या पटलावर ठेवली जातात. आणि एकाच विषयावर चार-सहा जणांनी नोटीस दिली की सगळ्यांची नावं एका प्रश्नावर जोडतात, मग प्रत्येकाच्या खात्यात एक एक प्रश्न वाढतो. ॲप या सगळ्याला एकाच मापाने मोजतं.

पण इथेच ॲप मला आवडायला लागलं, कारण आकड्याच्या खाली प्रश्नाची पूर्ण पीडीएफ असते. थाळनेरची एक पोरगी आहे आमच्याकडे, तिने कंटाळून मार्क बघणं सोडून दिलं आणि प्रिंट काढायला लागली (प्रिंटचे पैसे मी लावले नाहीत, हे इथे सांगून ठेवतो). तीन रंगांचे हायलायटर. आपल्या मतदारसंघातल्या गावाचं, रस्त्याचं, धरणाचं नाव असलेला प्रश्न हिरवा, राज्याबद्दलचा पिवळा, आणि जो देशातल्या कुठल्याही खासदाराने विचारला असता तरी चालला असता तो गुलाबी. दोन शुक्रवार आम्ही जमिनीवर कागद पसरून बसलो होतो. एखाद्या खासदाराचे शंभरावर प्रश्न आणि सगळा गठ्ठा गुलाबी, दुसऱ्याचे मोजून वीस पण अर्धे हिरवे. कोण ते लिहीत नाही, तुम्ही तुमच्याकडचे काढून बघा, तासाभराचं काम आहे.

उत्तरं वाचायची पण सवय लागली. 'माहिती गोळा केली जात आहे' असं मंत्र्याने लिहिलं की ते नुसतं टोलवणं नसतं, ते आश्वासन धरलं जातं आणि तीन महिन्यांत पुरं करावं लागतं, त्यासाठी संसदेची शासकीय आश्वासन समिती आहे. हे पोरांना पुस्तकात एका ओळीत होतं, कागदावर खरं उत्तर बघितल्यावर डोक्यात बसलं. पुढे त्या आश्वासनाचं काय झालं हे मात्र ॲपमधे कुठेच नाही. द्यायला पाहिजे.

विषयाने शोधायची सोय तर फारच कामाची. माणूस शोधण्यापेक्षा 'मनमाड इंदूर' टाका. ही रेल्वे आमच्या तालुक्यातून जाणार, आप्पांच्या लहानपणापासून जाणार आहे. २ सप्टेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, ३०९ किलोमीटर, १८,०३६ कोटी. त्यावरचे जुने प्रश्न-उत्तरं ओळीने वाचले की सर्व्हे, परत सर्व्हे, किती वर्षं काय उत्तर दिलं गेलं ते सगळं दिसतं. आप्पांना मी एक रविवार वाचून दाखवलं. ते म्हणाले मंजूर झाली हे खरं ना, मग मागचं कशाला वाचतो.

खासदार निधीच्या टॅबवर 'खर्च ४१ टक्के' असं लाल अक्षरात येतं आणि वाचणारा म्हणतो पैसा परत गेला. तसं नसतं. वर्षाला ५ कोटी, त्यात खासदार फक्त काम सुचवतो, मंजुरी-अंमलबजावणी जिल्हा प्रशासनाकडे. सुचवलेलं, मंजूर झालेलं आणि प्रत्यक्ष पैसे गेलेलं हे तीन वेगळे आकडे, ॲप शेवटचाच दाखवतं. आणि ५ कोटी सहा विधानसभांत वाटले तर एकाला ८३ लाख येतात, त्यात काय सभागृहं, काय रस्त्याचे तुकडे. २०२०-२१ मधे कोविडमुळे निधीच बंद होता, ते वर्ष पण यांनी सरासरीत धरलंय!

शपथपत्राच्या पानावर गुन्हे मोजलेत पण कलमं बघा. जमावबंदी मोडली, रास्ता रोको केला, असल्या भारतीय दंड संहितेच्या कलम १४३-१८८ वाल्या आंदोलनाच्या केसेस आणि फसवणुकीची केस, दोन्हीला सारखाच लाल ठिपका.

इतिहासाच्या टॅबवर माझा सगळ्यात जास्त राग आहे. रावेर २००९ पासून सुरू होतं, त्याआधी 'माहिती उपलब्ध नाही'. अरे, मतदारसंघच नव्हता तेव्हा, मतदारसंघांच्या पुनर्रचनेत एरंडोल लोकसभा गेली आणि रावेर आलं. एरंडोल ॲपमधे शोधलं तर विधानसभा येते फक्त. आणि जळगावला चौदाव्या लोकसभेत (२००४ ते २००९) एकच नाव, हरिभाऊ जावळे, ते तर २००७ च्या पोटनिवडणुकीत आले. पोटनिवडणूक का झाली? डिसेंबर २००५ मधे पैसे घेऊन प्रश्न विचारल्याच्या प्रकरणात ११ खासदारांचं सदस्यत्व गेलं, त्यात जळगाव आणि एरंडोलचे खासदार, दोन्ही आपल्याकडचे. प्रश्नांची संख्या मोजून मार्क देणाऱ्या ॲपमधे नेमकं हेच गायब. नंदुरबारचा इतिहास मात्र नीट आहे, माणिकराव गावित १९८१ पासून सलग नऊ वेळा, मग २०१४ ला डॉ. हीना गावित, २०२४ ला गोवाल पाडवी.

निकालाच्या नकाशाचं कौतुक करायलाच हवं. २०२४ चं धुळे उघडा, फरक अवघा ३,८३१ मतांचा. विधानसभावार रंग लावला की दिसतं, भामरे पाच ठिकाणी पुढे, बच्छाव एका मालेगाव मध्यमधे १ लाख ९४ हजारांनी पुढे, तिथेच गणित फिरलं. त्या शुक्रवारी पोरं नऊ वाजले तरी उठेनात.

मार्कांचा खाना मी आता कागदाच्या पट्टीने झाकून प्रोजेक्टरवर लावतो. चौघांपैकी दोघांनी पुढच्या वर्षाचे पैसे द्यायला नकार दिलाय, थाळनेरवाली म्हणते सर माझा हिस्सा घ्या पण पीडीएफ चालू ठेवा. रिन्यूअलला अजून चार महिने आहेत, तोवर दर सोमवारी साक्रीचा पिनकोड टाकून बघतो. काल पण धुळेच आलं.